अठ्ठावीस भाऊबंद

नानांना टोस्टर घ्यायला चौदा महिने लागले होते. जावई पसंत करायला तीन भेटी पुरल्या, आणि त्यातली एक फोनवर होती. मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "अरे, जावयात बघायचं काय असतं? माणूस बरा आहे ना, झालं! टोस्टरमध्ये तारेची जाडी असते, स्प्रिंग असते, पावाच्या कापाचा प्रश्न असतो." जावई तेव्हा समोरच बसला होता. टोस्टच खात होता बिचारा.

नाना आमचे फ्रीमाँटमधले शेजारी. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजातून निघालेले, कॅलिफोर्नियात येऊन तीस वर्षं चिप बनवणाऱ्या कंपनीत घालवलेले आणि आता पूर्णवेळ चिकित्सक. त्यांना खरेदीची आवड आहे असा लोकांचा गैरसमज आहे. खरेदीचं त्यांना काहीच नाही. त्यांना आवडतो तो खरेदीच्या आधीचा काळ. वस्तू घरात आली की तिच्यातला राम गेला. तुलना, चौकशी, फोन, तक्ते, पुन्हा पहिल्यापासून तुलना, यात माणूस जगतो अशी त्यांची धारणा आहे. "घाई कसली? आधी नीट बघू तर!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्या "बघू तर"च्या पोटात ऋतू बदलतात.

आयुष्यात एकच निर्णय त्यांनी वेळेवर घेतला. २००७ च्या मॉडेलची प्रियस त्यांनी २००६ च्या ऑक्टोबरातच घेतली. त्या वेळी कॅलिफोर्निया सरकार हायब्रिड गाड्यांना पिवळं स्टिकर देत असे. ते लावलं की गाडीत एकट्यानं बसूनसुद्धा कारपूलच्या लेनमधून सुसाट जाता यायचं. स्टिकरं एकूण ८५,०००. ती संपत आली आहेत असं कळल्यावर नानांनी संशोधन अवघ्या अकरा महिन्यांत आटोपतं घेतलं आणि पुढल्या वर्षाच्या सुरुवातीला स्टिकरं संपायच्या आत आपलं पदरात पाडून घेतलं. १ जुलै २०११ ला सरकारनं ती सवलत काढून टाकली. स्टिकर मात्र बंपरवर अजून आहे. उन्हानं त्याचा रंग कढीसारखा झालाय, पण नाना ते स्वातंत्र्यसैनिकाच्या ताम्रपटासारखं जपतात.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे वही. गाडी घेतली तेव्हा काचेवरच्या कागदात गॅलनला ५५ मैल असा सरकारी आकडा होता. मग २००८ च्या मॉडेलपासून सरकारनं मायलेज मोजायची रीतच बदलली आणि नानांच्या गाडीच्या नावापुढे ४६ लिहिलं. गाडी तीच, नाना तेच, आणि घरबसल्या नऊ मैल गेले! तेव्हापासून नाना प्रत्येक टाकीचा हिशेब स्वतः ठेवतात. वही म्हणते ५१.३. ही वही, दोरीला बांधलेलं पेन आणि टायरची हवा मोजायची नळी यांचं वास्तव्य ड्रायव्हरशेजारच्या सीटवर असायचं.

मग नानांच्या पत्नी माई कुठं बसायच्या? मागे. त्याला कारण नानांचा ब्रेक. हायब्रिड गाडीचा ब्रेक हळुवार दाबला की मोटर उलट्या कामाला लागते, वीज बनवते आणि ती बॅटरीत भरते. जोरात दाबला तर चाकांचे पॅड तापतात आणि वीज हवेत जाते. त्यामुळे पुढच्या गावातला सिग्नल लाल दिसला की नाना या गावात ब्रेकवर पाय ठेवतात. मागचे लोक हॉर्न वाजवतात, नाना वीज साठवतात. माई पुढे बसायच्या तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप खालची चटई दाबायचा आणि तोंडातून "अहो, अहो" निघायचं. त्यानं नानांची एकाग्रता भंगे. २००८ साली त्यांची बदली मागे झाली. माईंनी ती बिनतक्रार स्वीकारली. उजव्या खिडकीशी त्यांनी आपलं बस्तान मांडलं. तिथं सीटच्या कडेला एक लहानशी जाळी आहे. "इथं हवा कशी खेळती असते," असं त्या म्हणायच्या. नाना त्याकडे लक्ष देत नसत. मांडीवर कापसाची पिशवी घेऊन माई तिथं वाती वळत बसायच्या. लाख वातींचा त्यांचा संकल्प होता. नाना वीज साठवत होते आणि माई वाती. एकूण घराण्यात अंधाराची सोय कुणीच ठेवली नव्हती.

२०२२ च्या श्रावणातला एक सोमवार. दोघं लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिराकडे निघाले होते. फ्रीमाँटहून ६८० नंबरच्या हायवेनं वर निघालं की सुनोलचा चढ लागतो. ऊन रणरणतं, एसी चालू, गाडीनं १,८३,००० मैल पाहिलेले. चढाच्या मध्यावर समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण पेटला.

"अगं, लाल त्रिकोण आला!" नाना ओरडले.

माईंनी वातीवरची नजर न काढता विचारलं, "आता या वयात?"

भारतातल्या त्यांच्या पिढीला लाल त्रिकोण म्हटला की कुटुंबनियोजनच आठवणार. पण हा त्रिकोण सुलटा होता आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह होतं. गाडी कशीबशी घरी आली. नानांनी स्टिअरिंगखाली एक डबी खोचली आणि मोबाइलवर निदान वाचलं: पी-०-ए-८०. म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला.

बॅटरीची हमी कॅलिफोर्नियात दहा वर्षं किंवा दीड लाख मैल, यातलं जे आधी होईल ते. ती केव्हाच उलटून गेली होती. डीलरकडे चौकशी केली. नवी बॅटरी, कामासकट साडेतीन हजार डॉलर, दोन दिवसांत गाडी परत. नाना संध्याकाळी माझ्याकडे आले ते भलतेच दुखावलेले. मला वाटलं रकमेमुळे. पण नाही.

"दोन दिवसांत म्हणे! माणसानं विचार कधी करायचा?"

पण डोळ्यांत जुनी चमक परतली होती. टोस्टरनंतर सात वर्षांत त्यांना तोलामोलाचा प्रश्न मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला चहाला बोलावून नानांनी बॅटरीची कुळकथा सांगितली. या गाडीची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे आडवी पडलेली असते. तिच्यात १.२ व्होल्टचे १६८ सेल. सहा-सहा सेल एका चपट्या पेटीत बसवलेले. त्या पेटीला मॉड्यूल म्हणायचं. अशी २८ मॉड्यूलं पुस्तकांसारखी एकाला एक चिकटून उभी. सगळी एका माळेत जोडलेली, मिळून २०१.६ व्होल्ट.

"बापरे, म्हणजे केवढी वीज!" मी म्हणालो.

"कसली केवढी? सव्वा युनिटच्या जरा वर. आपली इस्त्री तासभर चालेल. पण कॉम्प्युटर तेवढीही वापरू देत नाही. चाळीस टक्क्यांखाली उतरू देत नाही, ऐंशीवर चढू देत नाही. आपले आजोबा सांगायचे ना, दोन घास कमी खा, आयुष्य वाढतं? तेच जपान्यांनी केलं. म्हणून सोळा वर्षं टिकली."

"मग आता बिघडलं काय?"

"माळ आहे ना रे. एकत्र कुटुंब! अठ्ठावीस भाऊबंद. सगळ्यांतून एकच प्रवाह जातो. सत्तावीस भाऊ धडधाकट असले आणि एकानं अंथरूण धरलं, की सगळं घर त्याच्या चालीनं चालणार. कॉम्प्युटर त्यांना जोडीजोडीनं तपासतो. चौदा जोड्या. आपली सातवी जोडी बसली आहे. तेरावा आणि चौदावा."

मग गाडी या बॅटरीच्या जातीच्या, म्हणजे निकेल-मेटल हायड्राइडच्या, इतिहासाकडे वळली. ही बॅटरी व्यवहारात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या स्टॅनफर्ड ओव्शिन्स्कींकडे कॉलेजची पदवीसुद्धा नव्हती, हे नानांनी भारावून सांगितलं.

माई आतून म्हणाल्या, "म्हणूनच काहीतरी बनवून झालं त्यांचं."

संशोधन सुरू झालं. कॉम्प्युटरवर तक्ता उघडला गेला. रकाने तेवीस. गाडी तोवर चालवायची कशी, हा प्रश्न नानांनी सोडवला होता. सकाळी अंघोळ, देवपूजा, मग गाडीत जाऊन डबी खोचायची आणि मोबाइलवरून कोड पुसायचा. त्रिकोण विझे. दोन-चार दिवसांनी पुन्हा पेटे. नाना पुन्हा पुसत. पंचांगात पाहून करावं तसं हे नेमानं चाले. मागून पंख्याचा घूंऽऽ असा आवाज हल्ली येतो असं माई दोनदा म्हणाल्या. "बॅटरी थकली की पंखा जास्त फिरतो," नानांनी सांगितलं. ते खरंही होतं. खरं बोलून माणूस किती चुकू शकतो ते पुढे कळलं.

पहिला पर्याय डीलरचा. नवीकोरी बॅटरी. त्याच्या बिलात हजारावर डॉलर अनामत असते आणि जुनी बॅटरी परत दिली की ती मिळते. हे कळल्यावर नाना हरखले. "मेलेल्या बॅटरीलाही मान आहे बघ या देशात. आतलं निकेल काढून घेतात." तरी हा पर्याय त्यांनी तक्त्यात सर्वांत खाली ठेवला. सरळ रस्त्यानं जायचं तर नकाशा कशाला?

दुसरा पर्याय दुरुस्त केलेली बॅटरी. जुन्या बॅटऱ्यांतली बरी मॉड्यूलं निवडून जुळवलेली. निम्म्याहून कमी किंमत. माणूस घरी येतो आणि दारात तासा-दीड तासात बसवून जातो. वर "लाइफटाइम" हमी. नानांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"लाइफटाइम म्हणजे कोणाच्या लाइफचा?"

पलीकडचा पोरगा म्हणाला, गाडी तुमच्या मालकीची असेपर्यंत.

"आणि मी गेलो तर?"

पोरगा गडबडला. "सर, तुम्ही कुठं चाललाय?"

"मी मेलो तर गाडी हिच्या नावावर जाईल. मग हमीही हिच्याकडे येणार का?"

पोरानं वरिष्ठांना विचारतो म्हणून आम्हाला थांबवलं. बारा मिनिटं सॅक्सोफोन वाजत होता. माई म्हणाल्या, "त्याला सांगा, मी मरेपर्यंत वाट बघायला तयार आहे, फोनवर नको." शेवटी हमी मालकासोबत संपते असं उत्तर आलं. नानांनी रकान्यात लिहिलं: "हमी: नाशवंत."

तिसरा पर्याय भंगारवाल्याचा. ठोकलेल्या प्रियसची बॅटरी काढून आणायची. इथे नानांमधला वधूसंशोधक जागा झाला. या बॅटरीला सर्वांत बाधते उष्णता, त्यामुळे गाडी कुठल्या गावची हे पाहायला हवं. ॲरिझोनाचं स्थळ नको, फिनिक्सचं ऊन बॅटरीला भाजून काढतं. सिॲटलचं चालेल, हवा थंड. भंगारवाल्याला त्यांनी विचारलं, गाडी गॅरेजमध्ये असायची की उन्हात? घरात कुत्रं होतं का?

"साहेब," तो म्हणाला, "गाडी माझ्यासमोर उलटी पडली आहे. ती मला काही बोलली नाही."

"कुत्र्याचं काय?" मी विचारलं.

नाना म्हणाले, बॅटरी गार ठेवायला गाडीतलीच हवा ओढून घेतात. कुत्र्याचे केस पंख्यात जाऊन बसतात आणि मग बॅटरी गुदमरते. "आपल्याकडे कुत्रं नाही, म्हणून तो मुद्दाच नाही." तेविसांतला हा एक रकाना त्यांनी सुरुवातीलाच काट मारून निकालात काढला होता.

चौथा पर्याय लिथियम. त्याच जागेत बसणारा नवा संच, वजनाला हलका, दमाला चांगला. पण गाडीचा कॉम्प्युटर मात्र समोर निकेलच आहे असं समजून चालतो. नानांना हे पटेना. "घरात नवा माणूस यावा आणि जुन्याचं नाव सांगून राहावा? मी रोज त्या कॉम्प्युटरशी खोटं बोलू?" जो कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा कोड पुसून गप्प केला जात होता, त्याच्याविषयी हे बोलणं.

पाचवा पर्याय मुलाचा. "बाबा, ती गाडी फुंकून टाका आणि टेस्ला घ्या. तुमच्या गावातच बनते." हा नानांच्या मर्मावरचा घाव. फ्रीमाँटमधला टेस्लाचा कारखाना ज्या वास्तूत आहे तिथं १९८४ पासून २०१० पर्यंत टोयोटा आणि जनरल मोटर्सचा भागीदारीतला कारखाना होता. "ज्या घरात टोयोटा नांदली तिथून मी दुसरी आणू?" नाना म्हणाले. त्या कारखान्यात प्रियस कधीच बनली नव्हती, हे मी सांगितलं नाही. दुखऱ्या जागी माहिती लावू नये.

ऑक्टोबर उजाडला. तेवीस रकाने भरले आणि नानांनी त्यात नसलेला सहावा पर्याय निवडला. स्वतः दुरुस्त करणे.

हा सहावा पर्याय मी डोळ्यांनी पाहिला, कारण मदतनीस मीच होतो. नाना विजेच्या बाबतीत मात्र कमालीचे शिस्तीचे. हजार व्होल्टला चालणारे रबरी हातमोजे मागवले. ते वापरण्याआधी दर वेळी मनगटाकडून गुंडाळत फुगवायचे आणि भोक नाही ना ते बघायचं. मग बॅटरीचा नारिंगी खटका ओढून काढायचा, खिशात टाकायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत नाना हात वर करून उभे राहत. सर्जन ऑपरेशनआधी राहतात तसे, फक्त खाली लेंगा.

अठ्ठावीस भाऊबंद जेवणाच्या टेबलावर आले. रिमोटच्या विमानांचे शौकीन वापरतात तसले चार्जर आले. एकेका मॉड्यूलला भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं आणि किती साठतं ते लिहायचं. नव्याची क्षमता ६,५०० मिलिॲम्पिअर-तास. आमचा तेरावा जेमतेम दोन हजारांवर दम टाकायचा. भरताना मॉड्यूल फुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आवळून ठेवावं लागतं. नानांनी माईंचे लग्नातले दोन पाट आणले, मध्ये मॉड्यूलं उभी केली आणि शिकंज्यानं आवळली. पाटांभोवतीच्या पितळी फुलांमधून लाल-काळ्या तारा निघालेल्या. कुठल्यातरी यंत्राची मुंज चालली आहे असं वाटे.

मॉड्यूलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. नाना त्यासाठी रसायन शोधत होते. माईंनी पट्ट्या उचलल्या, मोरीत नेल्या, चिंच आणि मीठ लावून देवाच्या तांब्यासारख्या लखलखीत करून आणल्या. नानांनी त्यांचा विरोध मीटरनं मोजला. मीटरनं माईंची बाजू घेतली. इंजिनियरला ते लागलं, पण वहीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं: "चिंच: उत्तम."

त्या वर्षी दिवाळीचा फराळ वॉशिंग मशिनवर मांडला गेला. टेबलावर बॅटरी होती. आलेले पाहुणे उभ्यानं चिवडा खात होते आणि नाना त्यांना सातव्या जोडीची प्रकृती सांगत होते.

तेरावा आणि चौदावा बदलले. गाडी चालली. नानांनी पेढे वाटले. एकविसाव्या दिवशी त्रिकोण. आता पंधरावा. तो बदलला. सोळा दिवसांनी बारावा. एक भाऊ खाटेवरून उठला की शेजारचा आडवा होई. गोधडीला ठिगळ लावावं आणि ठिगळाच्या शेजारीच फाटावं, तसं चाललं होतं. नव्या दमाचा एक आणि थकलेले सत्तावीस, यांचा मेळ बसत नाही, असा निष्कर्ष नानांनी काढला. तो बरोबरच होता. शिवाय आडवे पडतात ते सगळे मधलेच, हेही त्यांनी टिपलं. "मधल्यांना सगळ्यांत जास्त उष्णता सोसावी लागते. कडेच्यांना निदान एका बाजूनं वारा मिळतो. मधला मुलगा नेहमीच भरडला जातो." नाना स्वतः पाच भावांतले तिसरे. इतकं जवळ येऊनही त्यांनी विचार आत्मचरित्राकडे नेला आणि पंखा तसाच घुमत राहिला. पंखा कडेच्या पॅनेलच्या मागे असतो. बॅटरी काढायला त्याला हात लावावा लागला नव्हता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी माईंनी हातातली वात खाली ठेवली, नानांची वही आणि पेन घेतलं आणि हिशेब मांडला. नानांच्याच पद्धतीनं. चार महिने जेवणाचं टेबल अडवलं, त्याचं भाडं. चार्जर. हातमोजे. सुटी मॉड्यूलं सहा. दिवाळीचे पाहुणे बाहेर जेवायला नेले, ते बिल. देवळात जायला टॅक्सी केली, त्याचे अकरा सोमवार. पाटांची दोन फुलं निघाली, ती. बेरीज आली ३,९१२ डॉलर. डीलरचे साडेतीन हजार, वर जुनी बॅटरी दिली की अनामत परत.

"आता सांगा, स्वस्त काय?"

नाना तासभर तो कागद घेऊन बसले. त्यांनी बेरीज तपासली. टेबलाच्या भाड्याचा दर पडताळला. मग खालमानेनं म्हणाले, "एक चूक आहे."

"काय?"

"तू चिंच धरली नाहीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डीलरला फोन केला. सहा महिन्यांपूर्वी ज्या पर्यायाला तळात ढकललं होतं तोच आता पहिला आला होता. नानांच्या मते सहा महिने वाया गेले नव्हते. तेव्हा तो नुसताच महाग होता, आता तो सिद्ध झाला होता.

बॅटरी बसवायच्या दिवशी नाना-माईंसोबत मीही गेलो. काम अर्ध्यावर आलं आणि तिथल्या मेकॅनिकनं नानांना आत बोलावलं. त्याच्या हातात बॅटरीचा पंखा होता, नारळाएवढा. पण त्याची पाती दिसत नव्हती. पात्यापात्यांमध्ये पांढरं काहीतरी ठासून भरलं होतं. एखादी मोठी फुलवात असावी तसं ते दिसत होतं. तूप घातलं असतं तर जळलं असतं.

मेकॅनिकनं विचारलं, "तुमच्याकडे पांढरं कुत्रं आहे का?"

"नाही," नाना ठामपणे म्हणाले. काट मारलेला रकाना होता तो.

माई पुढे झाल्या. चिमटीत थोडंसं घेतलं, चोळलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! हा तर माझा कापूस."

मागच्या सीटच्या कडेची ती जाळी. जिथं माईंना हवा खेळती वाटायची. हवा खेळत नव्हती, आत ओढली जात होती. चौदा वर्षं प्रत्येक वातीचा एकेक तंतू त्या जाळीतून बॅटरीकडे चालला होता. नाना ब्रेक दाबून वीज भरत होते, मागे माई तिचं नरडं आवळत होत्या, आणि दोघंही शुद्ध भावनेनं.

मला वाटलं आता महाभारत होणार. नाना काहीच बोलले नाहीत. पंखा साफ झाला, नवी बॅटरी बसली, बिल झालं. माई सवयीनं मागचं दार उघडून बसल्या, मी त्यांच्या शेजारी. मावरी ॲव्हेन्यू येईपर्यंत गाडीत नुसता नव्या बॅटरीचा शांतपणा होता. मग एका सिग्नलला नानांनी आरशात न बघता विचारलं, "किती झाल्या?"

"काय?"

"वाती."

"एकाहत्तर हजार."

नाना मनात वजाबाकी करत होते. हिरवा दिवा लागला. मागच्यानं हॉर्न दिला. नाना जागचे हलले नाहीत.

"उरलेल्या एकोणतीस हजार पुढे बसून कर," ते म्हणाले. पिवळ्या स्टिकरनंतर एवढ्या झटपट घेतलेला त्यांचा हा दुसराच निर्णय.

वही, पेन आणि हवेची नळी मागे आली. माई पुढे गेल्या.

या गाडीच्या मधोमध एक पडदा आहे. इंजिन, मोटर आणि बॅटरी यांच्यामधून कोण कोणाला काय देतोय हे त्यावर बाणांनी दिसतं. सोळा वर्षं ते बाण एकट्या नानांचे होते. माईंनी दोन दिवसांत ते शिकून घेतले. आता गाडी निघाली की कापूस पिंजता पिंजता त्यांचं सुरू होतं. "अहो, इंजिन लागलं बघा. पाय उचला." "आता भरतेय, आता दाबू नका." "तो सिग्नल लाल झालाय, अजून ब्रेक नाही?" गेल्या टाकीला ५२.६ पडले. नानांनी ते वहीत लिहिलंय, पण कशामुळे हा रकाना मोकळा ठेवलाय.

परवा त्यांच्यासोबत भाजीला गेलो होतो. मी मागे, जाळीपासून अंग चोरून. बोलता बोलता कळलं की टोस्टर बिघडलाय. मला नानांसाठी मनापासून आनंद झाला. म्हणालो, "मग काय नाना, आता वर्षभराची निश्चिंती!"

नाना काही बोलले नाहीत. पुढच्या सीटवरून माई म्हणाल्या, "घेतला. काल. चटणीला नारळ आणायला गेले होते, तेव्हाच."

नानांनी अलगद ब्रेकवर पाय ठेवला. पडद्यावर बाण बॅटरीकडे वळले. आरशात माझ्याकडे बघत ते अगदी हळू म्हणाले, "तारेची जाडीसुद्धा बघितली नाही रे."